ताई, मी दिलेली कादंबरी ४३व्या पानावरून परत आली

पत्र असं आलंय:

“ताई, आमचा सहा-सात जणांचा जुना ग्रुप आहे. महिन्यातून एकदा भेटतो आणि दर वेळी एक प्रश्न ठरलेला असतो, सध्या काय वाचतेस? मी गेले तीन महिने ‘तुंबाडचे खोत’ वाचतेय आणि अजून पहिल्याच खंडात आहे. बाकीच्यांची तेवढ्यात चार-चार पुस्तकं होतात. मागच्या वेळी मी चक्क खोटं बोलले, संपली म्हणाले, मग एकीने शेवट कसा वाटला विचारलं आणि माझी बोलतीच बंद झाली. दुसरं म्हणजे माझी सगळ्यात लाडकी कादंबरी शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’. अकरावीच्या सुट्टीत वाचली होती, रात्र रात्र जागून. ती मी माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणीला दिली, माझी स्वतःची प्रत. तिचं बाळ आठ महिन्यांचं आहे, घरीच असते, म्हटलं विरंगुळा होईल. दीड महिन्याने तिने ती परत केली, ४३व्या पानाचा कोपरा दुमडलेला तसाच. म्हणाली, छान आहे गं, पण नाही झाली. वर ग्रुपमधला एकजण म्हणाला की मृत्युंजय काय, सगळेच वाचतात त्या वयात, आता जरा पुढे जा. तेव्हापासून कुणी चांगली कादंबरी सुचव म्हटलं की मी गप्प बसते. सुचवणं बंदच करू का?”

नाही गं, बंद नको करूस. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या दुमडलेल्या कोपऱ्यापाशी अडकले. तुला तो कोपरा अपमानासारखा दिसतोय, मला तसा नाही दिसत. ज्याला पुस्तक नकोसं झालेलं असतं ना, तो कोपरा दुमडत बसत नाही, नुसतं मिटून बाजूला ठेवतो. कोपरा दुमडतो तो परत यायचंय म्हणून. तुझ्या मैत्रिणीला परत यायचं होतं, ४३ पानांपर्यंत ती आलीसुद्धा, पुढे तिला येता आलं नाही, आणि का ते तूच लिहिलंयस, जाता जाता एका ओळीत, की बाळ आठ महिन्यांचं आहे.

तू म्हणतेस घरीच असते, विरंगुळा होईल. अगं, आठ महिन्यांच्या बाळाची आई घरी असते म्हणजे तिला वेळ असतो असं थोडंच आहे. वेळ मिळतो तो तुकड्यातुकड्याने, दहा मिनिटं आत्ता, सात मिनिटं मग, एक हात बाळाच्या पाठीवर आणि दुसऱ्या हातात पुस्तक, आणि मृत्युंजय ही एका हातात धरून वाचायची कादंबरीच नाही, मनगट दुखून येतं. शिवाय ती सावकाश सुरू होते. कर्ण अगदी आपल्या लहानपणापासून सांगायला घेतो, गंगाकाठ, चंपानगरी, धाकटा भाऊ शोण, आणि ती भाषा अशी भरजरी आहे की कानात बसायला सलग तास-दोन तास द्यावे लागतात. एकदा बसली की मग सुटत नाही, हे तुला मी काय सांगणार. पण तुझ्याकडे अकरावीची अख्खी सुट्टी होती. तिच्याकडे सात मिनिटं होती, आणि दर वेळी पुस्तक उघडलं की तिला दोन पानं मागे जाऊन पुन्हा सूर पकडावा लागत असणार. ४३ पानं म्हणजे तिने खूप नेट लावलाय असं मला वाटतं.

तर झालं काय, की तू तिला तुझी आवडती कादंबरी सांगितलीस. तिच्यासाठी कादंबरी सुचवली नाहीस. ऐकायला एकच वाटतं, पण ही दोन पार वेगळी कामं आहेत आणि आपण सगळेच त्यात गल्लत करतो. आवडती सांगताना मी स्वतःबद्दल बोलत असते, मी कोण होते, कुठल्या वयात कशाने हलले. सुचवताना समोरच्याकडे बघायचं असतं, तो आत्ता कुठे आहे, त्याचा दिवस कसा जातो, त्याच्या मनावर काय आहे. आवडती सांगायला प्रेम पुरतं. सुचवायला आधी चौकशी लागते.

हे मला शहाणपणाने नाही कळलं, चुकून कळलं, आणि ती चूक मला अजून लागते म्हणून सविस्तर सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याबरोबर काम करणारा एक मुलगा होता, तेवीस-चोवीस वर्षांचा, शांत. एकदा म्हणाला, ताई, काहीतरी हसवणारं द्या ना वाचायला, मन लागत नाहीये. मी दुसऱ्याच दिवशी भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ नेऊन दिली. माझ्या डोक्यात कोसला म्हणजे कॉलेज, होस्टेल, मेस, ती पोरं, आणि पांडुरंग सांगवीकरचं ते दर दोन वाक्यांनी वगैरे आणि उदाहरणार्थ. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा इतकी हसले होते की शेजारच्या खोलीतून विचारायला आले होते काय झालं म्हणून. आठवड्याने त्याने पुस्तक आणून माझ्या टेबलावर ठेवलं, वाचली एवढंच म्हणाला आणि गेला. नंतर दुसऱ्या कुणाकडून कळलं की वर्षभरापूर्वी त्याची धाकटी बहीण गेली होती.

ज्यांनी कोसला वाचली आहे त्यांना मी काय सांगतेय ते लगेच कळेल. ज्यांनी वाचली नाही त्यांना गोष्ट फोडल्याबद्दल माफी, पण आत्ता सांगणं भाग आहे. त्या कादंबरीत पांडुरंगची धाकटी बहीण मनी जाते, आणि ती पानं इतकी जड आहेत की पुढची कितीतरी पानं माणूस बधिर होऊन वाचतो. मला ते माहीत नव्हतं असं नाही. मला पाठ होतं म्हटलं तरी चालेल. पण त्या क्षणी ते माझ्या डोळ्यांपुढे आलंच नाही, कारण पुस्तक काढताना मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं, मी माझ्या जुन्या हसण्याकडे बघत होते. मन का लागत नाहीये एवढं एक विचारलं असतं तरी ते पुस्तक मी नेलं नसतं. मी त्याच्याशी जाऊन बोलले, चुकलं म्हणाले. तो म्हणाला, पुस्तक चांगलंय ताई, फक्त आत्ता नको होतं.

ते “आत्ता” मी तेव्हापासून विसरले नाही. कुणीही काही सुचव म्हटलं की पहिल्यांदा तोच शब्द आठवतो.

एस. आर. रंगनाथन यांचं नाव तू ऐकलं असशील, ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम त्यांनी मांडले, १९३१ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यातला दुसरा नियम असा की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, आणि तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं की एकच गोष्ट उलटसुलट करून लिहिली आहे. नंतर लक्षात आलं, की एकात माणसापासून निघायचं आणि पुस्तकापर्यंत जायचं, दुसऱ्यात पुस्तक हातात धरून माणूस शोधायचा. तू मृत्युंजय हातात धरून वाचक शोधत होतीस आणि मैत्रीण समोर दिसली. यात वाईट काही नाही, पण मग वाचक खरोखर शोधायचा, समोर आहे तिच्या हातात नाही ठेवायचं. मृत्युंजयला हवा असतो सलग वेळ असलेला माणूस, महाभारताची ओढ असलेला, अन्याय सहन न होणारा. तुझ्या ओळखीत कुणी परीक्षा संपलेली भाची-पुतणी आहे का बघ, कुणी नुकतंच रिटायर झालंय का बघ. आणि चौथा नियम तर मला फारच आवडतो, वाचकाचा वेळ वाचवा. ते ग्रंथालयासाठी म्हणाले होते, पण मैत्रिणीला पुस्तक देतानाही किती खरं आहे ते.

आता चौकशी कशी करायची. तुला कसली पुस्तकं आवडतात असं विचारू नकोस, त्याला लोक जे उत्तर देतात ते त्यांना जे आवडायला हवं असं वाटतं त्याचं असतं. मी विचारते, शेवटचं कुठलं पुस्तक पूर्ण झालं तुझं, आणि कुठलं मधेच सुटलं? सुटलेल्या पुस्तकाबद्दल माणसं फार खरं बोलतात. कुणी म्हणतं खूप नावं होती, कुणी म्हणतं काही घडतच नव्हतं, कुणी म्हणतं वाचून रडायला यायचं आणि मला ऑफिसला जायचं असायचं. यातल्या एकेका वाक्यातून पुढचं पुस्तक कळतं. आणि केव्हा वाचतोस हे विचारायचं, झोपताना, प्रवासात, रविवारी दुपारी, कारण झोपताना पाच पानं वाचणाऱ्याला लांब लांब प्रकरणांची कादंबरी दिली तर तो रोज अपराधी वाटून घेत झोपणार.

वाचायची सवय सुटलेला माणूस आला की मी बहुतेक वेळा ‘बनगरवाडी’ देते. व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ सालची, अगदी पातळ. एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, बस एवढंच. शाळेत मुलं नसतात, कारण मुलं मेंढरांमागे असतात. म्हातारा कारभारी हळूहळू त्याला आपला मानतो आणि मग सगळी वाडी आपली गाऱ्हाणी घेऊन मास्तरकडे यायला लागते. प्रसंग छोटे छोटे, वाक्यं छोटी, एकही शब्द जास्तीचा नाही, कुठेही ठेवावी आणि कुठूनही उचलावी. मी ती पाच-सहा वेळा तरी वाचली असेन आणि दर वेळी मला वाटतं की एवढ्या कमी शब्दांत एवढं माळरान कसं काय मावलं. शेवटी दुष्काळ आहे, तेवढं आधी सांगून ठेवायचं. तुझ्या मैत्रिणीला हीच दे. एका हातात राहते.

प्रेमकथा दे असं म्हणणाऱ्यांपुढे मी थोडी थांबते, कारण प्रेमकथा म्हणताना एकाला आनंद हवा असतो आणि एकाला रडायचं असतं. रडायचं असेल, म्हणजे खरोखर हवंच असेल, तर ‘रणांगण’. विश्राम बेडेकरांची, १९३९ सालची. युरोपातून परतणारी बोट, बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू, त्यांच्यातली हॅर्टा आणि आपला चक्रधर. बोट किनाऱ्याला लागेपर्यंतचाच काय तो वेळ त्यांच्याकडे आहे आणि ते दोघांनाही माहीत आहे. छापून आली त्याच वर्षी दुसरं महायुद्ध सुरू झालं, हे लक्षात ठेवून वाचलं तर अंगावर काटा येतो. छोटी आहे म्हणून हलकी असेल असं समजून कुणाला देऊ नकोस, नुकतंच कुणाचं मन मोडलं असेल त्याला तर मुळीच नको.

माझा एक भाचा फक्त इंग्रजी वाचतो. मराठी वाचायला स्पीड येत नाही म्हणतो आणि ते खरंच आहे, स्पीड नसला की चांगलं पुस्तकही रटाळ वाटतं. त्याला मी ‘एका कोळियाने’ दिली. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट, ८४ दिवस एक मासा मिळालेला नाही आणि तरी पुढच्या दिवशी परत होडी काढतो तो, पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलेली. मूळ त्याने वाचलेली होती त्यामुळे पुढे काय होणार ही धडपड नव्हती, सगळं लक्ष मराठीकडे गेलं. काही जागी तो मला फोन करून भांडला की इंग्रजीत हे असं नाहीये, मग आम्ही दोघांनी दोन्ही पुस्तकं उघडून एकेक वाक्य लावून बघितलं, तासभर. तो तासच मला पुरला.

आणि मावशी. मावशीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, महिनाभर वाचायचं नाही म्हणून सांगितलेलं, आणि ती आयुष्यभराची वाचणारी बाई नुसती तळमळत होती. मी रोज रात्री फोनवर तिला ‘ययाति’ वाचून दाखवायचे, अर्धा तास. खांडेकरांनी ती कादंबरी अशी लिहिली आहे की ययाति स्वतः बोलतो, मग देवयानी बोलते, मग शर्मिष्ठा, प्रत्येकजण आपापली बाजू मांडतो, त्यामुळे ऐकायला ती फार सुंदर जाते, नाटकासारखी. ययातिचं ऐकताना मावशी म्हणायची, बिचारा. दुसऱ्या दिवशी देवयानी सुरू झाली की मला मधेच थांबवायची, थांब थांब, हिचं बरोबर आहे, काल त्याने आपल्याला हे सांगितलंच नव्हतं. महिना संपला, डोळे बरे झाले, उरलेली पन्नासेक पानं होती. मी म्हटलं आता तू वाच. म्हणाली, नको, तूच वाच, मला तुझ्या आवाजात सवय झाली. सुचवणं म्हणजे नाव सांगून मोकळं होणं एवढंच नसतं, कधी कधी सोबत वाचावं लागतं.

बाकी बारीकसारीक गोष्टी चटकन सांगते. एका वेळी एकच नाव दे, पाच नावांची लिस्ट पाठवली की माणूस पाचही वाचत नाही. आयुष्य बदलून टाकेल असं म्हणू नकोस, मग बिचारा प्रत्येक पानावर वाट बघत बसतो की कधी बदलतंय. गोष्ट सांगू नकोस, एखादं पान सांग, एखादा प्रसंग जो तुझ्या डोक्यातून जात नाही. देताना म्हण की वाचलीच पाहिजे असं नाही आणि परत द्यायची घाई नाही, आणि मनापासून म्हण. सगळ्यात महत्त्वाचं, दिल्यावर वाचलीस का, कुठवर आलीस असं विचारू नकोस. त्या प्रश्नाने पुस्तकाचं कर्ज होतं. मैत्रीण दीड महिना तुला भेटायला कचरत असेल त्या पुस्तकापायी, असंही असू शकतं हं.

आता त्या “जरा पुढे जा” म्हणणाऱ्याबद्दल. मला राग आला ते वाचून, खोटं कशाला सांगू. मराठीत हे फार आहे, अमुक कादंबरी वाचणारे वरचे आणि तमुक वाचणारे खालचे. सावंत-खांडेकर आवडले की भाबडा, नेमाडे आवडले की जाणकार. मी दोन्ही बाजूंना बसून बघितलंय, दोन्हीकडे माणसं आवडत्या पुस्तकाबद्दल बोलताना सारखीच हळवी होतात. आणि ज्ञानपीठाची यादी काढून बघ म्हणावं त्याला, १९७४ साली खांडेकरांना मिळालं, मराठीतलं पहिलं, आणि २०१४ सालचं नेमाड्यांना. एकाच यादीत दोघं नीट बसले आहेत. आता पुरस्काराने पुस्तक चांगलं ठरतं असं मला म्हणायचं नाही, पण दोघांना एका कपाटात ठेवायला कुणाला अडचण आलेली दिसत नाही एवढंच.

मृत्युंजय तुझी लाडकी आहे तर तसं सांग, वय झालं म्हणून ती बदलायची गरज नाही. फक्त ग्रेट आहे, भारी आहे एवढ्यावर सोडू नकोस, कारण ग्रेट म्हटलं की समोरचा वाद घालतो. काय दिसलं ते सांग. सांग, की गोष्ट कर्णाची आहे पण सावंतांनी ती एकट्या कर्णाला सांगू दिलेली नाही, कुंती सांगते, दुर्योधन सांगतो, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण. सांग की १९६७ साली कुणीतरी शोणाला बोलायला लावलं, ज्याचं नावही आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक नव्हतं. अकरावीतली तू रात्री किती वाजता कुठल्या भागाशी रडलीस ते सांग. त्यावर कुणी “पुढे जा” म्हणू शकत नाही. म्हणालाच तर त्याला विचार, तुझी कुठली आणि का, आणि मग खरंच ऐक. मला खात्री आहे त्याच्याकडेही सांगण्यासारखं काहीतरी असणार, त्याला तसं कुणी विचारलं नसेल.

राहता राहिलं ते तीन महिन्यांचं. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं कारण मला वाटतं तुला खरी लाज याचीच वाटतेय.

श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ १९८७ साली आली, दोन खंडांत. एका घराण्याच्या पिढ्या त्यात येतात आणि जातात. ती तीन महिन्यांत पहिल्या खंडात असणं हा तिचा बरोबर वेग आहे. पिढ्यांची गोष्ट चार दिवसांत संपवली तर माणसं मनात मुरतच नाहीत, आज्याचा स्वभाव कळायच्या आत नातू येतो. मी वाचत होते तेव्हा एका कागदाच्या चिठ्ठीवर वंशावळ लिहीत गेले होते, कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाशी भांडला, नवीन माणूस आला की एक नवी रेघ, आणि ती चिठ्ठीच माझी खूण होती पुस्तकातली. हळूहळू चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरली, मग तिला आणखी एक जोडली. करून बघ, तीन महिने वाया गेले असं वाटणार नाही.

आणि हे बघ, कादंबरी अर्धी असताना तिच्याबद्दल बोलणं हीच मुळात जुनी रीत आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने येत होती, तेव्हा वाचणारे सगळेच मधे अडकलेले. यमूचं पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नाही, पुढचा अंक यायला अजून अवकाश, आणि जे काही बोलायचं ते त्या मधल्या दिवसांत. सध्या काय वाचताय या प्रश्नाला तेव्हा एकच उत्तर शक्य होतं, इथवर आलेय. संपली, चार स्टार, पुढचं पुस्तक, हे आपलं आत्ताचं. एवढंच काय, कादंबरी हा शब्द आपण जिच्यावरून घेतला ती बाणभट्टाची ‘कादंबरी’ त्याच्या हातून पुरी झालीच नाही, त्याच्या मुलाने ती पूर्ण केली. लिहिणाऱ्याची राहिली, तर तुझ्या-माझ्या वाचायच्या राहिल्याचं काय एवढं.

तेव्हा पुढच्या वेळी विचारलं की सरळ सांग. सांग की मागच्या वेळी मी संपली म्हणाले ते खरं नव्हतं, मला उगाच लाज वाटली, मी अजून पहिल्या खंडात आहे. सोपं नाही, मला माहीत आहे, पण एक वाक्य आहे, म्हणून टाक. आणि लगेच त्याला जोडून कुठे आहेस ते सांग, म्हणजे आत्ता कुठला खोत आहे समोर, तो तुला आवडतोय का, कशाची भीती वाटतेय त्याच्याबद्दल. ज्यांची चार-चार पुस्तकं झाली ना त्यांना त्यातल्या एकाबद्दलही एवढं सांगता येतं का ते बघ, त्यांना कमी लेखायला म्हणून नाही, पण मला वाटतं तू बोललीस की तेही त्यांच्या अडकलेल्या पुस्तकांबद्दल बोलायला लागतील. प्रत्येकाकडे एक असतंच, उशाशी, सहा महिने, तिथल्या तिथे.

माझ्याकडे सध्या उद्धव शेळक्यांची ‘धग’ आहे, १९६० सालची. दुसऱ्यांदा वाचतेय, दीड महिना झाला. वऱ्हाडी बोलीतले संवाद आहेत, माझी ती बोली नाही, म्हणून मी ते मोठ्याने वाचते, मोठ्याने वाचलं की अर्थ आपोआप लागतो, मनात वाचलं की अडखळायला होतं. त्यामुळे घरात कुणी नसताना वाचावी लागते आणि घरात कुणी नाही असं क्वचितच होतं. त्यातल्या कौतिकला आत्ता कुठे वाटायला लागलंय की संसार रुळावर येईल, आणि पुढे काय होणार ते मला माहीत असल्यामुळे मी गेले चार दिवस ते पान उलटलेलं नाही.

मैत्रिणीकडे जाशील तेव्हा बनगरवाडी घेऊन जा, आणि जरा वेळ बाळाला तू घे. मृत्युंजयचा तो ४३व्या पानाचा कोपरा मात्र सरळ करू नकोस, तिचा आहे तो. तुझा पहिला खंड संपला की मला लिही, सगळ्यात जास्त कोण आवडलं ते सांग, माझ्या दोन्ही चिठ्ठ्या अजून त्या पुस्तकात आहेत, काढून बघते.